एडक्याची धडक

म्हाळसाबाईला मार नवा नव्हता. लहानपणी बापाच्या हातचा खाल्ला, लग्न झाल्यावर बिरप्पाच्या हातचा खाल्ला. एकदा कुणाच्या तरी तुरीत मेंढरं शिरली, तेव्हा त्या शेताच्या मालकांनी तिला बांधावरून खाली ओढून चाबकानं फोडली होती. पण तिनंही कधी उसनं ठेवलं नाही. त्याच तुरीत एकाच्या उजव्या हाताचा तिनं असा लचका तोडला की गडी कितीतरी दिवस डाव्या हातानं जेवत होता. अक्कलकोटहून दुधनीकडं जाणाऱ्या रस्त्यापासून आत, माळावर त्यांची वस्ती. तिथं ज्याच्या अंगात जोर, त्याची मेंढरं हिरव्यात. हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पन्नाशीला टेकली तरी कळपातला माजलेला एडका मानेला धरून आडवा पाडायची.

फक्त पोराच्या हातचा मार तिनं कधी खाल्ला नव्हता.

धनाजी तिचा एकुलता एक. पाठीशी बांधून, मेंढरामागं चालत तिनं त्याला वाढवलेला. तापटपणा बापाचा घेतला आणि त्यात आपला थोडा घातला. बारावीपर्यंत शिकला आणि त्याला मेंढरांची लाज वाटायला लागली. अंगाला वास येतो म्हणायचा. त्याला पिकअप घ्यायची होती, दुधनी-सोलापूर माल मारायचा होता. बिरप्पा म्हणायचा, मेंढरं विकून लोखंड घेणारा धनगर मी अजून बघितला नाही.

मागल्या उन्हाळ्यात बिरप्पा पाहुण्याच्या लग्नाला गेला आणि धनाजीनं काही दुभत्या मेंढ्या निवडून टेम्पोत घातल्या, दुधनीच्या बाजारात विकून टाकल्या. म्हाळसाबाई आडवी आली तर तिला बाजूला सारून गेला. दिवस कलताना बिरप्पा परतला. त्याला मोजावं लागलं नाही. मेंढरं कोंडायच्या जाळीला डोकी घाशीत कोकरं ओरडत होती.

"ह्यांच्या आया कुटं हायत?" त्यानं विचारलं.

"इकल्या," धनाजी म्हणाला.

"कुनाला इचारून?"

"माझ्या बी हायत की."

बिरप्पानं त्याच्या थोबाडीत दिली. धनाजीनं भिंतीला टेकवलेली काठी उचलली. बापाचीच काठी, टोकाला लोखंडी वळं बसवलेली. पहिला तडाखा बिरप्पाच्या खांद्यावर बसला आणि म्हातारा तोंडावर मातीत पडला. दुसरा पडायच्या आत म्हाळसाबाई मधे घुसली. तो तिच्या बरगडीवर आला. ती पडली, पण पडता पडता तिनं पोराचा पाय धरला. धनाजीची बायको सोनाली दारात होती. ती आत पळाली आणि तिनं कडी लावून घेतली.

मग धनाजीनं खाली पाहिलं. अजून उजेड होता. खाली कोण पडलंय ते दिसत होतं.

"मधी पडतीस व्हय," तो म्हणाला, आणि टाच उचलून त्यानं तिच्या डाव्या छातीवर हाणली. पुन्हा उचलली आणि अंगाचा सगळा भार टाकून पुन्हा हाणली.

काठी चुकून लागली होती. टाच चुकून लागली नव्हती. हे दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि तिला.

वस्तीवर कुणी विचारलं तर ती म्हणायची, एडक्यानं धडक दिली. घरात काठीचं सगळ्यांना माहीत होतं, टाचेचं तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही. धनाजी दोन दिवस घरी आला नाही. आला तो तिच्यासाठी दुखण्याचं मलम घेऊन. उंबऱ्यावर ठेवलं आणि तोंड न दाखवता निघून गेला. तिनं ते लावलं. छाती काळी झाली, मग हिरवी, मग पिवळी, आणि एके दिवशी अंगाच्या रंगाची झाली. दुखायचं थांबलं. पण आत काहीतरी राहिलं.

आधी चिंचोक्याएवढं वाटायचं, मग सुपारीएवढं. बोटाला दगडासारखं लागायचं. वरची कातडी आत ओढली गेली होती, पिठाच्या गोळ्यात बोट रुतवावं तशी. आणि ते दुखत नव्हतं. तिला भीती वाटली ती त्याचीच. बिरप्पाच्या बहिणीला असंच झालं होतं. तिचीही गाठ दुखत नव्हती. पुढं ती फुटली, वास सुटला, आणि घरच्यांनी तिला कडब्याच्या खोपीत झोपवलं. म्हाळसाबाईच तिला तिथं भाकरी नेऊन द्यायची. शेवटी नणंदेला भाकरीचीही ओळख राहिली नव्हती.

म्हणून म्हाळसाबाईनं गाठीचं कुणाला सांगितलं नाही. पाठीवर पाणी घालता घालता सोनालीच्याच नजरेला ते पडलं.

"आत्या, हे काय हाय?"

"एडक्याची धडक. जुनी."

"धडकंनं कातडं आत जातंय व्हय?"

त्या संध्याकाळी घरात सगळ्यांना कळलं. बिरप्पा बाजेवर बसून राहिला. धनाजी उठला, कुऱ्हाड घेऊन बाहेर गेला आणि दारातल्या बाभळीवर घाव घालायला लागला. तोडायचा विचार नव्हता. नुसते घाव, वर, खाली, जिथं बसतील तिथं, दांडा मोडेपर्यंत. माराची गाठ धरली की पुढं कॅन्सर होतो, असं सगळी वस्ती म्हणत होती. पोरानं ते ऐकलं होतं. आपण आईला मारलं, फक्त ती अजून पडली नाही, असं त्याला वाटत होतं. म्हाळसाबाई आतून घाव ऐकत होती. तिला सगळं कळत होतं, आणि ती त्याला एक शब्द बोलली नाही.

हद्दीपलीकडं, कर्नाटकात, तिप्पण्णा म्हणून एकजण गाठींना डाग देतो, असं धनाजीला कुणीतरी सांगितलं. तो आईला तिथं घेऊन गेला. तिप्पण्णानं चुलीत विळा तापायला घातला. मग त्यानं धनाजीला तिचे खांदे धरायला सांगितलं.

"हेदरब्याड, अव्वा," तो म्हणाला. "भ्यायचं न्हाय. एकदा भाजलं की मुळापासनं जळतंय."

खांद्यावर पोराचे हात होते. तिला ते ओळखू आले. लहानपणी त्याला ताप चढला की हेच हात तिला घट्ट धरून असायचे. विळा लाल होऊन आला. तिनं पदर दातात धरला. चर्र आवाज झाला, आणि मेंढराचं डोकं भाजताना यावा तसा वास आला. ती ओरडली नाही. धनाजीच ओरडला.

गाठ होती तिथंच राहिली. तिच्या वरच्या अंगाला भाजल्याची जखम झाली. ती चिघळली, पू धरला, ताप चढला. धनाजी परत तिप्पण्णाकडं गेला. त्याला चुलीवर लोटला, घरातून ओढून काढला, आणि ज्या हातानं विळा धरला होता त्या हातावर दगड घातला. पुढचे दात पाडले. लोकांनी सोडवला नसता तर खून झाला असता. गावकऱ्यांनी बसून ते मिटवलं. घरी येऊन तो रक्ताच्या हातानंच जेवला.

"आता सोलापूर," सोनाली म्हणाली. "तुमी न्हेत नसाल तर म्या न्हेते."

त्यानं तिच्या कानाखाली दिली. ती भिंतीला टेकली, मग सरळ झाली. सकाळी तिनं सासूचा हात धरला आणि अक्कलकोटची एसटी गाठली. बाप आणि लेक मागल्या गाडीनं आले.

सोलापूरच्या दवाखान्यात आधी भाजलेली जखम बरी करावी लागली. रोज मलमपट्टी, इंजेक्शनं. सासू-सून सोनालीच्या मावशीकडं राहिल्या. जखम सुकल्यावर ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर पंचाक्षरींनी गाठ दाबून पाहिली, छातीचा फोटो काढायला लावला आणि तो उजेडासमोर धरला.

"हाताला वाईट लागतेय," ते म्हणाले. "फोटोतही वाईट दिसतेय."

"मग कापून टाका की," धनाजी म्हणाला. "आजच. सगळंच काढा."

"नुसत्या दिसण्यावर मी कापत नाही. आधी सुईची तपासणी."

बाहेर बाकावरचा एक म्हातारा आपणहून बोलला, की सुई लावली की कॅन्सर पसरतो, त्याच्या साडूला सुई लावली आणि महिन्यात माणूस गेला. धनाजीनं ते ऐकलं. "कुनी बी सुई लावायची न्हाय," असं म्हणत त्यानं दाराच्या काचेवर मूठ हाणली. काच फुटली, मनगट कापलं, रक्ताच्या चिळकांड्या भिंतीवर उडाल्या. बाकांवरची लहान पोरं रडायला लागली. रखवालदारानं त्याचा हात पिरगाळून त्याला भिंतीशी दाबला, तरी तो लाथा झाडत होता.

आवाज ऐकून शेजारच्या खोलीतून एक डॉक्टरीण बाहेर आली. गाठीत सुई घालून तपासायचं काम तिचंच होतं. नाव महेजबीन. मूळची करकंबची, बोलणं सावकाश. तिनं धनाजीकडं पाहिलं, त्याच्या हातावर पट्टी बांधायला नर्सला सांगितलं, आणि काचा ओलांडून सरळ म्हाळसाबाईजवळ येऊन बसली.

"मावशी, गाठ तुमची आहे. मी तुम्हालाच सांगते," ती म्हणाली. "रक्त काढायची सुई असते, तिच्याहूनही ही बारीक. गाठीत घालायची, आतलं थोडं ओढून घ्यायचं, काचपट्टीवर पसरायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. भूल नको, टाका नको."

"आनि पसरतंय म्हनत्यात ते?"

"सुईनं पसरत नाही. गाठ आधीच पसरलेली असते तेव्हा लोक येतात. मग सुई होते, मग माणूस जातो, आणि नाव सुईचं होतं."

"सरळ कापलं तर?"

"काढायची गरजच नसली, तर कापलेलं परत कसं लावायचं? आणि कॅन्सर असला तर तो कसला आहे ते आधी कळलं म्हणजे ऑपरेशन नीट ठरवता येतं. दोन्हीकडून सुई आधी."

म्हाळसाबाईनं भिंतीशी दाबलेल्या पोराकडं पाहिलं. मग म्हणाली, "घाला. इळा सोसलाय, सुईला काय भ्यायचं."

तिच्या आधी दानम्माचा नंबर होता. अक्कलकोटची बाई, नवऱ्याबरोबर आलेली, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलायची. तिची गाठ हरभऱ्याएवढी. ती आत गेली आणि लगेच पदर सारखा करत बाहेर आली. "मुंगी चावली की हो," म्हाळसाबाईला म्हणाली.

आत खोलीत फक्त महेजबीन आणि म्हाळसाबाई. महेजबीननं गाठ दोन बोटांत धरली, स्पिरिटचा बोळा फिरवला, सुई घातली. टोचलं, तेवढंच. सिरिंजचा दट्ट्या मागं ओढत तिनं सुई आतल्या आत पुढंमागं केली. सिरिंजमध्ये पिवळसर, तेलासारखं काहीतरी आलं. महेजबीननं ते काचपट्टीवर पसरलं, आणि थांबली.

"इथं कधी मार लागला होता?"

"एडक्यानं धडक दिली."

"कधी?"

म्हाळसाबाई छताकडं बघत राहिली.

"मावशी, मी पोलीस नाही. पण मार कसा लागला ते खरं कळलं तर मला काचेवरचं वाचायला मदत होते. चुकीचं वाचलं तर तुमचं नुकसान."

बाहेर कुणीतरी फुटलेल्या काचा झाडत होतं. तो आवाज थांबला.

"मानसाचा हाय," ती म्हणाली. "पायाचा. लई जोराचा. कुनाचा ते इचारू नगा."

महेजबीननं विचारलं नाही. दुसऱ्या जागी सुई घातली, आणखी काचपट्ट्या केल्या, आणि संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं.

दोघी बाया एकाच बाकावर बसल्या. दानम्मानं डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली, तिला दिली. बोलण्यासारखं फार नव्हतं. ऊन उतरल्यावर दानम्माला हाक आली. ती आत गेली, बऱ्याच वेळानं बाहेर आली आणि पुन्हा त्याच जागी बसली.

"माझा हाय म्हनं," ती म्हणाली. "पन बारीक हाय. काखंत गेला न्हाय. पुढल्या आठवड्यात ऑपरेशन." तिचा नवरा भिंतीकडं तोंड करून उभा होता. म्हाळसाबाईनं तिचा हात हातात घेतला. आता आपलंही तेच, असं तिनं मनाशी धरलं. आणि त्याबरोबर एक गोष्ट तिनं ठरवून टाकली. मरायच्या आधी पोराला जवळ बोलवायचं, डोक्यावरून हात फिरवायचा, म्हणायचं की झालं गेलं. टाचेचं आपल्याबरोबर न्यायचं.

मग तिची हाक आली. चौघंही आत गेले. पंचाक्षरी होते, महेजबीन होती.

"कॅन्सरच्या पेशी नाहीत," महेजबीन म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. "कॅन्सर नाही. जोरात मार बसला की छातीतली चरबी आतल्या आत चेचते, मरते. तिच्याभोवती अशी गाठ धरते. दगडासारखी लागते, कातडी ओढते, फोटोतही कॅन्सरसारखीच दिसते. सुई घातली नसती तर कळलं नसतं."

"म्हणजे कापायचं नाही," पंचाक्षरी म्हणाले. "तीन महिन्यांनी दाखवायला या. बहुतेक लहान होत जाईल. झाली नाही तर पुन्हा तपासू, सोडून देणार नाही."

धनाजी हसायला लागला. दात दिसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "म्हंजी आये मरत न्हाय," तो म्हणाला. "न्हाय मरत न्हवं?"

"मार म्हंजी काठीचा," बिरप्पा डॉक्टरांना समजावून सांगायला लागला. "घरात वादावादी झाली, त्यात चुकून काठी लागली हुती..."

"काठी न्हवं," धनाजी म्हणाला. त्याचं हसू अजून तोंडावर तसंच होतं. "काठी बरगडीला लागली. ही माझी टाच. बघून घातली. दोनदा."

बिरप्पानं पायातली वहाण काढली. पहिला फटका पोराच्या तोंडावर बसला, दुसरा कानावर. धनाजी खुर्चीवरून खाली आला. म्हातारा त्याच्या छातीवर बसला आणि वहाण टाकून मुठीनं मारायला लागला, नाकावर, डोळ्यांवर, तोंडावर. पोरानं हात वर केला नाही. पट्टी सुटून मनगटातून पुन्हा रक्त यायला लागलं, फरशी चिकट झाली. पंचाक्षरींनी बिरप्पाला मागून धरलं, रखवालदार धावत आला. सोनाली हलली नाही. म्हाळसाबाईही हलली नाही. उभं आयुष्य ती मधे पडत आली होती. त्या दिवशी तिनं पदर खांद्यावर घेतला आणि बघत उभी राहिली.

दोघांना वेगळं केल्यावर महेजबीन तिच्याजवळ आली. "तक्रार करायची असेल तर इथूनच पोलिसांना कळवता येतं," ती हलक्या आवाजात म्हणाली.

"नगं. माझं म्या बघते." मग ती पोराकडं वळली. त्याचा एक डोळा मिटला होता. "धन्या, ह्यो रोग निघाला असता तर म्या तुला माफ करनार हुते. भाईर बसल्या बसल्या ठरवलं हुतं. मरताना पोरावर राग धरून कोन जातंय? पन आता म्या मरत न्हाय. मला हितनं पुढं जगायचं हाय, आनि तुझ्यासंगं एका छपराखाली जगायचं न्हाय."

"आये..."

"तुझी मेंढरं घे आनि जा."

कळप वाटला. धनाजीनं आपला वाटा विकला आणि दुधनीत खोली घेतली. पिकअप काही झाली नाही, दुसऱ्याची चालवतो. सोनालीला त्यानं बरोबर चल म्हटलं. ती म्हणाली, म्या आत्यासंगं ऱ्हाते. काही दिवसांनी तो दारू पिऊन तिला न्यायला आला आणि तिला केसाला धरून अंगणातून ओढत निघाला. म्हाळसाबाईनं काठी उचलली. तोंडानं काही बोलली नाही. नडगीवर एकच तडाखा दिला, हाड मोडल्याचा आवाज सगळ्या वस्तीनं ऐकला. बिरप्पानंच त्याला उचलून अक्कलकोटला नेलं. रस्ताभर पोरगा रडत होता आणि बाप त्याला शिव्या देत होता. त्यानंतर तो पिऊन आला नाही.

तीन महिन्यांनी ती सोलापूरला गेली. गाठ लहान झाली होती, बोटानं शोधावी लागत होती. कातडीवरचा डाग मात्र तसाच राहिला, विळ्याच्या आकाराचा. दवाखान्यात दानम्मा भेटली. डोक्याला रुमाल बांधलेला, औषधानं केस गेलेले, तोंड सुजलेलं, पण चहा स्वतः जाऊन घेऊन आली. म्हणाली, डॉक्टर सांगतात वेळेत आलीस. दोघी बराच वेळ बोलत बसल्या, मेंढरांच्या किमतीपासून सुनांपर्यंत.

धनाजी अमावस्येला बिरोबाला येतो. अजून लंगडतो. देवळातून तसाच वस्तीवर येतो आणि अंगणाच्या कडेला, बाभळीखाली बसतो. सोनाली कधी त्याच्याशी चार शब्द बोलते, कधी बोलत नाही. भाकरी बिरप्पा वाढतो. धनाजी आला की म्हाळसाबाई काठी घेते आणि मेंढरांकडं निघून जाते.